एकाच प्रसंगावरून माणूस ओळखायचा का? (बहिणीच्या स्थळाबद्दल विचारतेय)

धंतोलीची_ताई

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न घरगुती आहे पण इथे वेगवेगळ्या वयाचे आणि वेगवेगळ्या धंद्यातले लोक आहेत, म्हटलं विचारून बघू.

माझ्या धाकट्या बहिणीसाठी एक स्थळ आलंय. मुलगा नागपूरचाच, मिहानमध्ये नोकरी, घरचे लोक साधे, पत्रिकेचं आमच्याकडे कोणी मनावर घेत नाही त्यामुळे तो विषय नाही. दोघं भेटले, बोलले, बहिणीला आवडला. मग मोठे काका म्हणाले मी पण एकदा पोराला बघतो. मे महिना, भर दुपार, काका मुलाच्या गाडीत बसून बर्डीकडे निघाले आणि व्हरायटी चौकाच्या अलीकडे एका ई-रिक्षावाल्याने मधेच रिक्षा घातली. मुलाने काच खाली करून त्याला जे काही सुनावलं ते काकांनी घरी आम्हाला शब्दशः सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की आवाज चढला होता आणि भाषा चांगली नव्हती. मग काच वर केली आणि लगेच काकांकडे वळून अगदी मऊ आवाजात "सॉरी काका, तुम्हाला गरम तर नाही होत ना?"

काकांचा निकाल तिथेच झाला. म्हणाले शितावरून भाताची परीक्षा, मला अजून काही बघायचं नाही. आजी मुलाच्या बाजूने आहे, ती म्हणते दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, एवढ्याशा गोष्टीवरून पोराला वाईट ठरवू नका. बाबा म्हणाले जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आई म्हणते आपली पोरगी शांत आहे, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो. एकाच खोलीत चार म्हणी, चारही आपल्या आजी-पणजींनी आयुष्य बघून केलेल्या, आणि चारही चार दिशांना तोंड करून बसलेल्या. बहीण बिचारी सगळ्यांकडे बघून राहिली.

तर मला खरंच जाणून घ्यायचंय, एका प्रसंगावरून माणूस कळतो का? आणि नसेल कळत तर मग कशावरून कळतो?

इतवारी_किराणा

ताई, आमचा होलसेलचा धंदा आहे, अर्धा माल उधारीवर जातो, त्यामुळे माणूस ओळखणं हेच आमचं भांडवल. वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून पाहून राहिलो त्यातलं सांगतो.

जो गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी घसा कोरडा पडेपर्यंत घासाघीस करतो, चिडतो, पोतं परत ठेवून दुकानातून निघून जातो आणि परत येतो, तो बहुतेक पैसे बुडवत नाही. त्याला द्यायचे आहेत म्हणूनच तो भांडून राहिला. ज्याला द्यायचेच नाहीत तो भाव कशाला करेल? तो म्हणतो "तुम्ही लावाल तो रेट शेठ, आपला काय हिशोब आहे का." असा माणूस आला की वडील हळूच म्हणायचे याची जुनी वही काढ.

दुसरं, न विचारता जो सांगतो की मी शब्दाचा पक्का आहे, त्याच्याकडून आधी ॲडव्हान्स घ्यायचा. पक्का माणूस तारीख सांगतो, स्वतःबद्दल सांगत नाही.

तिसरं, सगळ्या बाजाराला भाऊ भाऊ करणाऱ्यांचं घरच्या सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे असं मी पुष्कळदा पाहिलं. गोडवा बाहेरच वाटून संपतो की काय माहीत नाही पण पाहिलं आहे.

म्हणून मुलगा ओरडला यावर मी फार जाणार नाही. ओरडणारे लोक माझ्या वहीत चांगले आहेत. पण काच वर केल्यावर आवाज एका सेकंदात बदलला हे जे काकांनी पकडलं, ते मात्र मी पण पकडलं असतं.

मिहान_शिफ्ट

ताई एवढं टेन्शन नका घेऊ. मे मध्ये नागपुरात दुपारी दोन वाजता कोणाचा स्वभाव बघायला जाणं म्हणजे स्वभाव नाही, तापमान बघणं आहे. पारा ४५ ला असताना मी स्वतः देवमाणसांना सिग्नलवर भांडताना पाहिलंय. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे काही सिग्नल बंद ठेवतात ते काय उगाच का, उन्हात उभं केलं की माणसाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि यावर अभ्यास पण झालाय, अमेरिकेत फिनिक्स नावाचं शहर आहे, वाळवंटातलं, आपल्यासारखंच भाजून काढणारं. तिथे केनरिक आणि मॅकफार्लेन या संशोधकांनी एक गाडी हिरवा सिग्नल लागल्यावर पण मुद्दाम जागेवरच उभी ठेवली आणि मागचा ड्रायव्हर किती वेळा, किती लांब हॉर्न वाजवतो ते मोजलं. १९८६ ला छापलं ते. जसजसं तापमान वाढत गेलं तसतसे हॉर्न वाढत गेले. म्हणजे तशीच साधी माणसं, तोच चौक, फक्त ऊन वेगळं. काकांना म्हणावं पोराला डिसेंबरमध्ये परत बघा, सकाळी सात वाजता, फुटाळा तलावावर.

धंतोलीची_ताई

@मिहान_शिफ्ट, हे वाचून बहीण खूष झाली. पण काका म्हणतात गाडीत एसी चालू होता. काच खाली केल्यावरच गरम हवा आत आली, म्हणून तर तो "गरम तर नाही होत ना" म्हणाला.

मिहान_शिफ्ट

ओह. मग जरा अवघड आहे. कारण त्या फिनिक्सवाल्या अभ्यासात पण ज्यांच्या काचा खाली होत्या, म्हणजे एसी नव्हता, त्यांच्यावरच उन्हाचा परिणाम जास्त दिसला होता.

मानसशास्त्र_शिकवते

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि तुमच्या घरात जे भांडण चाललंय तेच आमच्या विषयात जवळजवळ शंभर वर्षं चाललंय, त्यामुळे जरा मोठं लिहिते, चालवून घ्या.

१९२८ मध्ये अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांचा अभ्यास छापला. त्यांनी मुलांना लबाडी करायला वाव मिळेल अशा वेगवेगळ्या जागा मुद्दाम तयार केल्या, कुठे पेपरातली उत्तरं गुपचूप बदलता येतील, कुठे खेळात स्वतःचे गुण वाढवून सांगता येतील, कुठे घरी करायच्या कामात मदत घेऊन वर नाही म्हणता येईल, कुठे पैसे उचलता येतील. सगळ्यांना वाटत होतं की प्रामाणिक मुलं सगळीकडे प्रामाणिक निघतील आणि लबाड सगळीकडे लबाड. तसं निघालं नाही. वर्गात कॉपी करणारं मूल खेळात खरं सांगू शकत होतं आणि वर्गातलं सरळ मूल घरच्या कामात थाप मारू शकत होतं. एका जागेवरून दुसऱ्या जागेचा अंदाज फार थोडा लागत होता.

शितावरून भात कळतो कारण सगळा भात एका भांड्यात, एका पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणूस असा एका आचेवर शिजत नाही. पैशाच्या बाबतीत हात आखडणारा माणूस वेळ द्यायच्या बाबतीत कर्णासारखा असू शकतो, मी असे लोक पाहिलेत, शंभर रुपये वर्गणी द्यायला तीन वेळा विचार करतील आणि कोणाच्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसून राहतील. त्याला कंजूष म्हणायचं की उदार?

दुसरा प्रयोग मला फार आवडतो, वर्गात दरवर्षी सांगते. १९७३, डार्ली आणि बॅटसन. प्रिन्स्टनला धर्मशास्त्र शिकणारे ४० विद्यार्थी, म्हणजे पुढे जाऊन लोकांना चांगुलपणा शिकवणारी मंडळी. त्यांना सांगितलं की शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्या. काहींचा भाषणाचा विषय काय, तर रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. आणि वाटेत एका दाराशी एक माणूस मुद्दाम बसवलेला, मान खाली, खोकतोय, कण्हतोय. ज्यांना घाई नव्हती त्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. थोडी घाई होती त्यातले ४५. आणि ज्यांना सांगितलं होतं की अरे तुला उशीर झालाय, ते तुझी वाट बघताहेत, त्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मदतीवर बोलायला निघालेले काही जण त्या कण्हणाऱ्याला ओलांडून गेले, कारण मदतीवर बोलायला उशीर होत होता.

मग स्वभाव म्हणून काही नसतंच का? असतं. एपस्टाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये दाखवलं की एका दिवसाच्या वागण्याची दुसऱ्या एका दिवसाशी तुलना केली तर फारसा मेळ बसत नाही, पण बऱ्याच दिवसांची सरासरी काढून दुसऱ्या बऱ्याच दिवसांशी लावली तर माणूस चांगला ओळखू येतो. बाबांची म्हण इथे बसते, खोड असते. पण ती एका दुपारी दिसत नाही, महिन्यांत दिसते.

आता काकांच्या बाजूनेही सांगते, नाहीतर अन्याय होईल. नलिनी अंबाडी, मूळच्या भारतातल्या, पुढे अमेरिकेत संशोधक झाल्या, त्यांनी रोझेन्थाल यांच्यासोबत १९९३ मध्ये दाखवलं की शिक्षकांचे आवाज बंद केलेले अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ बघून परक्या लोकांनी दिलेले गुण आणि अख्खं सत्र शिकलेल्या विद्यार्थ्यांनी दिलेले गुण बरेच जुळतात. म्हणजे थोडक्यात बघूनही काही कळतं. फक्त तिथे शिकवताना बघितलं आणि शिकवण्याबद्दलच अंदाज केला. तो व्हिडिओ बघून हा शिक्षक नवरा कसा होईल हे कोणी सांगितलं नव्हतं. काकांनी त्याला गाडी चालवताना बघितलं, तर गाडी चालवण्याबद्दलचं त्यांचं मत मी लगेच मान्य करेन.

काटोलचा_संत्रावाला

ताई, म्या सगळं वाचलं. त्या चार म्हणीच्या भांडणावर बोलतो.

म्हण निकाल द्याले येत नाही. निकाल आधीच होऊन राहते, म्हण फक्त सही कराले येते. काकाले पोरगा पटला नाही म्हणून त्याईले शीत आठवलं. आजीले पटला म्हणून तिले जग फसताना दिसलं. पोरगा उलटा वागला असता, म्हणजे रिक्षावाल्याले हात जोडले असते, तर हीच आजी शितावरून भात म्हणाली असती आन काका म्हणाले असते दिसतं तसं नसतं. सांगा खोटं असन तर.

आमच्या बाबाची पद्धत येगळी होती. ते म्हण आपल्या मनासारखी काढत नव्हते, समोरच्याच्या मनाच्या उलटी काढत. जो माणूस कोणावरही भरोसा ठेवते त्याले म्हणायचे दिसतं तसं नसतं बाप्पा. आन जो सगळ्याइवर संशय घेते त्याले म्हणायचे आपलं ठेवायचं झाकून आन दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे बरं नाही. औषध रोग्याच्या प्रकृतीले उलटं असलं पाहिजे ना. आपण काय करतो, ज्याले सर्दी आहे त्यालेच बर्फाचा गोळा देऊन राहिलो.

तं तुमच्या घरात म्हणी अदलाबदल करून पाहा. काकाले म्हणा एक दिवस आजीची म्हण धरून विचार करा, आन आजीले काकाची द्या.

समुपदेशन_काकू

मी कौटुंबिक न्यायालयात समुपदेशनाचं काम केलेलं आहे. १९८४ चा जो कौटुंबिक न्यायालयांचा कायदा आहे त्यातच समुपदेशकांची सोय आहे, खटला पुढे जाण्याआधी नवरा-बायकोशी बसून बोलायचं. त्या खुर्चीतून जे दिसलं त्यावरून मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय आणि ते मला महत्त्वाचं वाटतं म्हणून स्पष्ट लिहिते.

ऊन, घाई, ट्रॅफिक, हे सगळं खरं आहे, मानसशास्त्र ताईंनी लिहिलेलं मला पटलं. पण एक प्रश्न राहतो. तोच माणूस, तेच ऊन, तीच घाई, आणि समोर ई-रिक्षाच्या जागी त्याच्या मॅनेजरची गाडी मधे आली असती तर काच खाली झाली असती का? झाली असती तर माझी काही तक्रार नाही, तो तापट आहे, एवढंच. पण झाली नसती, तर मग त्याचा राग सुटला नव्हता, त्याने सोडला होता. जागा बघून, समोरच्याची ऐपत बघून सोडला होता. ज्याला लोक ताबा सुटणं म्हणतात त्यातला कितीतरी भाग पूर्ण ताब्यात असतो, हे मी त्या खुर्चीत बसून शिकले. साहेबासमोर गिळला जाणारा राग घरी येऊनच का उकळतो, वाटेत का नाही?

माझ्यासमोर बसलेल्या बायका एक वाक्य फार वेळा म्हणायच्या, "तो बाहेर खूप चांगला आहे हो." आणि ते खोटं नसायचं. शेजारी, मित्र, ऑफिस, सगळे सांगायचे किती चांगला माणूस. म्हणजे चांगलं कसं वागायचं ते त्याला येत होतं. ते कोणासमोर वागायचं हे त्याने ठरवलेलं होतं.

उलट बाजू पण सांगते. जो साहेबावरही ओरडतो, आईवरही आणि दूधवाल्यावरही, त्याच्यासोबत राहणं कटकटीचं असतं, पण त्याला स्वतःचा राग निदान दिसतो. लोक त्याला तोंडावर सांगतात. त्याच्याशी बोलता येतं. एकाच दिशेला वाहणारा राग असलेल्या माणसाला तुम्ही सांगायला गेलात तर तो खरोखर चकित होतो, म्हणतो मी आणि रागीट? कोणालाही विचारा.

म्हणून मी आवाज किती चढला याकडे बघत नाही, कोणाकडे तोंड करून चढला ते बघते. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, एका चौकावरून मला ते कसं कळणार. पण काकांना जे खटकलं ते मला उगाच वाटत नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे. काकूंचं वाचून अंगावर काटा आला कारण वॉर्डात अगदी हेच. डॉक्टर राऊंडला आले की मान डोलावणारा नातेवाईक डॉक्टर गेले की सफाईवाल्या मावशीवर ओरडतो.

पण मला अजून एक सांगायचंय. घाबरलेला माणूस आणि उर्मट माणूस, रात्री दोन वाजता, वडिलांना स्ट्रेचरवर घेऊन आलेला असेल तर अगदी सारखे दिसतात. दोघं ओरडतात, दोघं "तुम्हाला कळत नाही का" म्हणतात. त्या वेळी मी कोणाबद्दल काही ठरवत नाही, काम करते. फरक सकाळी कळतो. घाबरलेला सकाळी येतो, नजर वर करत नाही, "सिस्टर रात्री जरा जास्त बोललो" असं पुटपुटतो, नाहीतर काहीच न बोलता चहा आणून ठेवतो. उर्मट येतो तेव्हा पाळी बदललेली असते आणि तो नवीन सिस्टरला तेच सुनावत असतो.

आणि गोड बोलणाऱ्यांबद्दल इतवारीवाल्या काकांना अगदी अनुमोदन. "सिस्टर तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत" म्हणणाऱ्या मुलाला वडिलांचं अंथरूण बदलायच्या वेळी नेमका फोन येतो. आणि कोपऱ्यात गप्प उभा असणारा, कोणाशी धड न बोलणारा जावई सासऱ्याचं सगळं करतो, तोंड वाकडं न करता. सासऱ्याला शुद्ध येते तेव्हा ते मुलाचं नाव घेतात, आणि जावई म्हणतो हो येतोय तो, वाटेत आहे. असं बघितलं की मला घरी जाऊन पण झोप लागत नाही.

तर ताई, मुलाने नंतर त्या रिक्षावाल्याबद्दल काही म्हटलं का? काकांना सॉरी म्हणाला, पण त्यांना तर त्याने काही बोललंच नव्हतं.

निवृत्त_लोन_अधिकारी

बँकेत कर्जाच्या टेबलावर नोकरी झाली. माणूस ओळखण्याचा प्रश्न आम्हाला रोज असायचा आणि चुकला तर कागदावर दिसायचा, म्हणून लिहितो.

एक हप्ता चुकला म्हणून बँक कोणाला वाईट ठरवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २००४ पासून ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए होतं, म्हणजे बुडायच्या वाटेवरचं कर्ज धरलं जातं. म्हणजे पैशाच्या बाबतीत एवढी कडक असणारी बँकसुद्धा माणसाला तीन महिने देते, आणि काकांनी मात्र व्हरायटी चौकातल्या एका मिनिटात खातं एनपीए केलं. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या रिपोर्टमध्ये पण मागच्या ३६ महिन्यांची दर महिन्याची नोंद दिसते, एका महिन्याची नाही. वर मानसशास्त्रवाल्या मॅडमनी सरासरी म्हटलं ते हेच.

पण नुसती सरासरी पुरत नाही, ती कुठे बिघडते ते बघावं लागतं. एका खातेदाराचा हप्ता वर्षभर वेळेवर आणि जून आला की हमखास थकायचा. नवीन अधिकारी आला की त्याला नोटीस काढायचा. त्याच्या घरी तीन मुलं शाळेत जाणारी, जूनमध्ये फी, वह्या, दप्तरं. त्याचा जून समजला की तो माणूस समजला, बाकी अकरा महिने बघायची गरज नव्हती. उलट दुसऱ्या एकाचे हप्ते वर्षभर आधी भरलेले असायचे आणि जामीनदार मात्र सगळे मेव्हणे, त्यांना विचारलं तर सह्या कशावर केल्या ते माहीतच नाही. त्याचं रेकॉर्ड उत्तम होतं, पण मी त्याचं कर्ज वाढवलं नाही.

मुलाचा जून कोणता ते शोधा. भूक लागली की बिघडतो, झोप झाली नाही की, हरला की, की समोर आपल्यापेक्षा लहान माणूस आला की. पहिल्या तिन्हीसोबत संसार होतो. चौथ्याबद्दल काकू बोलल्या आहेत.

मानसशास्त्र_शिकवते

@निवृत्त_लोन_अधिकारी, तुम्ही जे जून म्हणालात ते आमच्याकडे शोडा, मिशेल आणि राइट या संशोधकांनी १९९४ मध्ये मुलांच्या उन्हाळी शिबिरात दाखवलंय. एकूण मारामारी सारखीच करणारी दोन मुलं, पण एक मुलगा मोठ्यांनी रागावलं की चिडायचा आणि दुसरा बरोबरीच्या मुलाने चिडवलं की. आणि हा नकाशा प्रत्येक मुलाचा बऱ्यापैकी टिकून राहत होता. तुम्ही ते कर्जाच्या फायलीतून शोधलंत याचं मला फार कौतुक वाटतं.

काकूंचंही मान्य. माझ्या पोस्टमध्ये समोर कोण आहे हा मुद्दा यायला हवा होता, परिस्थिती म्हणजे फक्त ऊन आणि घड्याळ नाही, समोरचा माणूस हीच सगळ्यात मोठी परिस्थिती.

धंतोलीची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणं झाल्यावर अख्खा धागा घरात मोठ्याने वाचला. आजीने काटोलवाल्या दादांची पोस्ट परत वाचायला लावली. काका एनपीएवर हसले पण काकूंची पोस्ट वाचल्यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले मला ओरडण्याचं काही वाटलं नव्हतं, मी पण ओरडतो, मला तो आवाज बदलला त्याचंच वाटलं होतं, फक्त मला ते सांगता येत नव्हतं म्हणून मी शीत-भात म्हणालो.

@रात्रपाळी, नाही, रिक्षावाल्याबद्दल तो नंतर काहीच बोलला नाही.

बहिणीने ठरवलंय की ती त्याला सरळ विचारणार. नाही म्हणायचं तर कारण सांगून म्हणेन आणि हो म्हणायचं तर मनात काही ठेवून म्हणणार नाही, असं म्हणाली. आता प्रश्न असा की विचारायचं कसं? आम्हाला भीती आहे की असं विचारलं की कोणीही छानच उत्तर देईल. काकू, काही सुचवाल का?

समुपदेशन_काकू

हो, सुचवते.

"तू का ओरडलास" असं विचारू नका, त्याने माणूस बचावाला उभा राहतो आणि मग जे मिळतं ते वकिली उत्तर असतं. तिने फक्त म्हणावं, "काका म्हणत होते त्या दिवशी चौकात काहीतरी झालं, काय झालं होतं?" आणि मग गप्प बसावं. मधे मदत करायची नाही, "ऊन होतं ना" असं आपणच सुचवायचं नाही.

तो जी गोष्ट सांगेल त्यात तो स्वतः कुठे येतो ते ऐकावं. नाचता येईना अंगण वाकडं हे आपण सगळेच करतो, स्वतःच्या वाईट वागण्याला कारणं बाहेर शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याला त्याचा स्वभाव म्हणतो, त्यामुळे रिक्षावाल्याची चूक तो सांगणारच आणि सांगू दे, चूक होतीच. पण पूर्ण गोष्टीत "मी असं बोललो" हे एकदा तरी येतं का? की सगळी गोष्ट "या लोकांना ना" ने सुरू होऊन "या लोकांना ना" वरच संपते? "या लोकांना" हा शब्द आला तर पुढे विचारावं, कोणत्या लोकांना. आणि तो म्हणाला की काका बाजूला होते म्हणून मला लाज वाटली, तर विचारावं की नसते तर?

अजून एक, हॉटेलात भेटू नका. तिथे सगळेच पाहुण्यासारखे वागतात. त्याच्या घरी जा, आधी फार न कळवता, आणि त्याच्या घरी कामाला येणाऱ्या बाई असतील त्या वेळेला जा. त्या बाई त्याच्यासमोर मोकळ्या बोलतात की तो खोलीत आला की गप्प होतात, हे तिला पाच मिनिटांत दिसेल. त्याची लहान बहीण किंवा भाऊ असेल तर त्यांच्याशी पण बोला, धाकट्यांना सगळं माहीत असतं.

आणि त्यालाही सांगा की तू पण आमच्याकडे असाच ये, न कळवता, आणि आमची मुलगी कशी वागते ते बघ. हे त्याला आधीच सांगा म्हणजे परीक्षा एकतर्फी वाटणार नाही.

चौकातलं विचारायला मात्र तिला एकटीला जाऊ दे. तुम्ही कोणी सोबत जाऊ नका, काका तर अजिबातच नकोत, ते समोर असले की तो पुन्हा काकांशीच बोलेल.